सासूबाईंचं बोट

माझा लॅपटॉप मी घेतला तेव्हाच दुसऱ्या कोणाचा तरी वापरून झालेला होता. शहाद्याच्या एका छापखान्यासाठी मी पत्रिकांचे मजकूर जुळवते. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, दशक्रियेच्या. आधी छापखान्यात बसूनच करायचे. सासूबाईंना घरी एकटं ठेवणं धोक्याचं झालं तेव्हा मालकांशी बोलून काम प्रकाशा या आमच्या गावी, घरी आणलं.

धोक्याचं म्हणजे काय ते आधी सांगते. सासूबाई विसरायला लागल्या होत्या. सुरुवातीला भाजीतलं मीठ, मग वार, मग माणसं. एकदा त्या घाटाच्या खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या सापडल्या, त्याही देवळापाशी फुलं विकणाऱ्या बाईचं लक्ष गेलं म्हणून. बॅरेजमुळे आमच्याकडे तापी भरलेली असते. दिसायला संथ, पण खोल. त्या दिवसापासून फाटकाला आतून कडी आणि घरात मी, अशी व्यवस्था झाली.

घरी काम आणल्यावर दुसरा त्रास सुरू झाला. ज्यांच्या घरचं लग्न ते "आमची पत्रिका कशी झाली, बघू" म्हणत येऊन बसायचे. सोबतची पोरं कळा दाबायची. एका पत्रिकेत वरच्या ओळीतला 'कै.' सरकून खालच्या ओळीतल्या, चांगल्या धडधाकट काकांच्या नावामागे जाऊन बसला. छापायला पाठवायच्या आधी माझ्या लक्षात आला, नाहीतर त्या काकांनी स्वतः येऊन मला जाब विचारला असता. मग पासवर्ड घातला. पण दर वेळी उठायच्या आधी बंद करा, आल्यावर पुन्हा टाइप करा, तेही कणकेच्या हातांनी. शिवाय गल्लीतल्या पोरांना तो आठवड्यात पाठ झाला.

या लॅपटॉपला बोट ओळखायची सोय नव्हती. ती नंतरही बसवता येते हे छापखान्यातल्या डिझाइन करणाऱ्या मुलीनं सांगितलं. उघडायचं, खोलायचं काही नाही. नखाएवढी वस्तू मिळते, ती पेनड्राइव्हसारखी बाजूच्या खाचेत खोचायची. मी मागवली. खोचली तर काहीच झालं नाही. मग कळलं की तिला चालवणारा प्रोग्राम इंटरनेटवरून यावा लागतो. तो आमच्या नेटवर सावकाश आला. मग सेटिंगमध्ये जायचं, आधी एक पिन ठरवायचा आणि त्यानंतर बोट द्यायचं.

त्या दिवशी नणंद आलेली होती. ती गावातच दिलेली आहे, दोन गल्ल्या पलीकडे. तिनं ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"वहिनी, आते फ्रिजले बी एक बसाडी टाक वं. मन्हा पोरे उनात का काही उरत नही."

"फ्रिजला नको. तुझ्या तोंडाला बसवते," मी म्हटलं.

आमच्या घरात नव्या वस्तूला पहिला हात सासूबाईंचा. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाही तर मोटारसायकल. सासरे गेल्यावर हळदकुंकू मी लावायला लागले, पण पहिला हात त्यांचाच राहिला. त्यांनी हात लावल्याशिवाय वस्तू सुरू करायची नाही. माझ्या नवऱ्याला वाटतं की ज्या एका पंख्याला त्यांचा हात लागला नव्हता तोच जळाला. मी वाद घातला नाही. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि सासूबाईंना बोलावलं.

पडद्यावर बोटाचं चित्र येऊन यंत्र वाट पाहत होतं. त्यांनी झाकणावर हात ठेवावा एवढंच माझ्या मनात होतं. पण नणंद म्हणाली, "माय, नवी वस्तू हाई शे. हाई बारकी." सासूबाईंनी त्या बारक्या वस्तूवर बोट टेकवलं. चित्रातल्या रेषा निळ्या व्हायला लागल्या. सुरू झालंच आहे तर पुरं करू, असं मला वाटलं. बोट ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. आमच्या घरात कोणी एवढं ऐकत नाही तेवढं सासूबाईंनी त्या यंत्राचं ऐकलं. झाल्यावर म्हणाल्या, "हाई मशिन हुशार शे. रेशनवालानं मन्हा आंगठा वळखतच नही."

त्यानंतर मी माझं बोट दिलं. म्हणजे यंत्रात पहिलं बोट सासूबाईंचं आणि दुसरं माझं. तिसरं कोणाचंच नाही.

काही आठवड्यांनी लॅपटॉप आपोआप उघडा सापडायला लागला.

मी स्वयंपाकघरात जाताना तो बंद करून जायचे, म्हणजे झाकण न मिटता नुसता पडदा कुलूपबंद करून. परत यावं तर उघडा. आतलं काही हललेलं नसायचं. ना अक्षर, ना ओळ. नुसता उघडा, आणि पडद्यावर ते कंपनीनं दिलेलं डोंगर आणि तळ्याचं चित्र. नवऱ्याला विचारलं, तर त्याचं बोट यंत्रात नाही आणि पिन त्याला माहीत नाही. वस्तू बिघडली असेल म्हणून दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. सासूबाई माझ्या डोक्यात आल्याच नाहीत. ज्यांना चहा प्यायला की नाही हे आठवत नाही, त्या असलं काही करतील असं कोणाला वाटेल?

मग एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. पाहुणीशी बोलावं तसा, नीट, आदबशीर. फाटकाला कडी होती. घरात आम्ही दोघीच होतो.

"ये ना वं. कवयनी बठेल शे, बोलत का नही?"

मी गेले. त्या माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर लॅपटॉपचा काळा पडदा.

"कोनशी बोली ऱ्हायनात, आई?"

"हाई बाई. मधमा बठेल शे."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काळ्या काचेत त्यांचा चेहरा होता आणि त्याच्यामागे माझा. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी तळहात कळांवर आपटला. पडद्यावर वेळ दाखवणारं चित्र आलं. त्यांनी शांतपणे त्या नखाएवढ्या वस्तूवर बोट टेकवलं आणि लॅपटॉप उघडला. डोंगर आणि तळं. त्यातली बाई नाहीशी झाली.

"गई," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात माणूस स्वतःचा चेहरा विसरतो. आरसे झाका, वाद घालू नका. मी कपाटाच्या आरशावर चादर टाकली आणि मोरीतला आरसा काढून ठेवला. नवरा मोबाइलमध्ये पाहून दाढी करायला लागला आणि हनुवटी कापून घ्यायला लागला. लॅपटॉप झाकून मला चालणार नव्हतं. सासूबाईंचं बोट यंत्रातून काढून टाकायचा विचार एकदा आला, तो मी सोडून दिला. त्या बाईला घालवायचा एवढाच उपाय त्यांच्या हातात होता, आणि तो चालत होता.

पुढे पुढे त्यांचं त्या बाईशी बिनसलं. आधी तिला बस म्हणायच्या, मग तिच्या तक्रारी सांगायला लागल्या. "ती काही खातच नही." "मी दखस तवयच ती दखस." एकदा माझा दंड धरून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिनी मन्हंच लुगडं नेसेल शे." मी म्हटलं, तसली लुगडी बाजारात खूप मिळतात. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही त्या काळ्या काचेकडे बघावंसं वाटलं नाही. नणंदेनं तळोद्याच्या वरच्या अंगाच्या एका भगताकडून दोरा आणला. मी म्हटलं बांध, डॉक्टरच्या गोळ्याही चालू आहेत, दोऱ्याचा त्यांना त्रास नाही.

ज्या दिवसाचं सांगते आहे त्या दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर आला. मी पावती घेतली, माणूस रिकामी टाकी घेऊन गेला, आणि मी गच्चीवर मिरच्या उलटवायला गेले. खाली आले तर सासूबाईंची खाट रिकामी. फाटक सताड उघडं.

मी आधी घर पाहिलं. खाटांच्या खाली, मोरीत, कोठीच्या खोलीत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हाका मारल्या. मग नणंदेला फोन केला. ती चप्पल न घालता धावत आली. शेजारच्या दोघीतिघी आल्या, त्यांचे पुरुष आले. कोणी विचारलं नाही कुठे जायचं. सगळे नदीकडे निघाले. नवऱ्याला शहाद्याला फोन लावला, तोही परस्पर घाटावर जातो म्हणाला. नणंद मला म्हणाली, "वहिनी, तू घरीच थांब. माय येईल तर घरमा कोनी पायजे."

मी थांबले.

गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी खुर्चीत येऊन बसले. हातात मोबाइल, आणि तो वाजू नये असंही वाटत होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात मजकूर जुळायला लागला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की'. पुढे त्यांचं नाव कुठल्या ठशात, किती मोठं, खाली आधी मुलगा की आधी नातवंडं. मी तो थांबवला नाही, कारण असा मजकूर मी इतक्यांचा जुळवला आहे की तो आपला आपण जुळतो. फोटो कोणता लावायचा इथपर्यंत मी पोचले होते. मग समोर पाहिलं.

लॅपटॉप उघडा होता. डोंगर आणि तळं.

मला आधी त्याचं काही वाटलं नाही. मग लक्षात आलं की तो थोड्या वेळानं आपोआप काळा होतो आणि बंद होतो. मी तसंच ठरवून ठेवलं आहे. आणि मी गच्चीवर जायच्या आधीपासून त्याला हात लावलेला नव्हता. गच्ची, शोधाशोध, फोन, माणसांचं येणं आणि जाणं, एवढ्या वेळात तो केव्हाच बंद पडायला हवा होता.

मी तो बंद केला. उठले. "आई?" म्हणून हाक मारली. स्वयंपाकघरात गेले, कोठीच्या खोलीत पोत्यांच्या मागे वाकून पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. "आई, ओ आई." काही नाही. गच्चीवर जाऊन आले. मिरच्यांखेरीज तिथे काही नव्हतं. नदीच्या बाजूनं कोणीतरी लांबट हाक मारत होतं, शब्द कळत नव्हता.

खोलीत परत आले तर लॅपटॉप उघडा.

मी देवाधर्माची फार नाही आणि भुताखेतांची तर मुळीच नाही. पण दारात उभं राहून मी हिशेब केला तो असा: हा माझ्या बोटानं उघडतो किंवा त्यांच्या. माझी बोटं माझ्यापाशी आहेत. आणि त्या जर नदीत असतील, तर हे बोट कोणाचं?

खोटं कशाला सांगू, बाहेर पळून जावंसं वाटलं. पण बाहेर जाऊन करणार काय? मी आत आले, लॅपटॉप पुन्हा बंद केला, आणि या वेळी खोलीतून बाहेर गेले नाही. खोलीच्या मधोमध नुसती उभी राहिले.

काही वेळ काहीच नव्हतं. मग श्वास ऐकू आला. माझा नव्हता. पाठीमागून येत होता.

आमच्या त्या खोलीचं दार आत उघडतं आणि भिंतीला टेकतं. दार आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये एक सांदाड आहे, तिथे खुंटीवर नवऱ्याचा रेनकोट असतो. शोधताना दर वेळी मी दार ढकलून आत आले, चारही कोपऱ्यांत पाहिलं असं समजले, आणि गेले. दाराच्या मागचा कोपरा दारानंच झाकलेला होता.

मी दार ओढलं. रेनकोटच्या खाली दोन पावलं होती. सासूबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, रेनकोटची बाही दोन्ही हातांनी छातीशी धरून. कोरड्या ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"चूप. आठे दपी बस."

"आई..."

"चूप म्हंतस ना. ती बाहेर निंघनी." त्यांनी डोळ्यांनीच लॅपटॉप दाखवला. "मी उजेड करी दखा. मधमा नही ती. घरभर हिंडी ऱ्हायनी. मले धुंडी ऱ्हायनी."

त्यांचा हिशेब माझ्यासारखाच सरळ होता. उजेड केला, आत बाई नाही. आणि घरात तर पावलं वाजताहेत, दारं उघडताहेत. म्हणजे ती बाहेर आली. मी दुसऱ्या खोलीत गेले की त्या निघायच्या, बोट लावून पाहायच्या की ती परत आत जाऊन बसली का, आणि माझी चाहूल लागली की पुन्हा दाराआड.

"तिले तुमन्याशी काय काम शे?" मी हळूच विचारलं.

"मले आई म्हंतस ती." त्यांनी बाही आणखी घट्ट धरली. "हाका मारी ऱ्हायनी, आई, आई. मी कसानी तिन्ही आई?"

त्यांनी माझं मनगट धरून मला खाली ओढलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात तेवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. दार आमच्या अंगावर ओढून घेतलं. आम्ही दोघी सांदाडात उकिडव्या बसलो. मला बाहेर येऊन सगळं समजावून सांगता आलं असतं. काय सांगणार होते? ती बाई मीच आहे, म्हणून?

मोबाइल थरथरला. नवरा होता. घाटावरचा गलका मागे ऐकू येत होता आणि तो रडत होता की धापा टाकत होता ते कळत नव्हतं. मी तोंडावर पदर धरून कुजबुजले, "सापडल्या. घरातच आहेत. ठीक आहेत. घाबरल्यात. सगळ्यांना सांगा, आवाज करू नका. हाका मारू नका. हळू या."

बोलताना सासूबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "कोन व्हतं?"

"गावतला."

"तेले सांगं का, ती घरमा शे म्हनीसनी?"

"सांगं."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं.

मग ते आले. आवाज करू नका असं मीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते अक्षरशः ऐकलं. घाटावर गेलेली निम्मी गल्ली अंगणात आली, आणि कोणी बोललं नाही, खोकललं नाही. ओल्या चपला घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला, जवळ येत राहिला, आणि ओसरीपाशी थांबला. मला माहीत होतं कोण आलं आहे. तरी दाराच्या फटीतून उजेड एकदम कमी झाला तेव्हा मी भिंतीला चिकटले.

सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट.

फटीतून मला नवऱ्याचे पाय दिसले. पँट मांडीपर्यंत भिजलेली. तो खोलीत येऊन उभा राहिला. मी त्याला हाक मारू शकत नव्हते आणि मारायचीही नव्हती. त्यानं दार पाहिलं, आमच्या साड्यांचे काठ पाहिले असावेत, आणि तो गुडघ्यावर बसला. दाराला हात लावला नाही. लग्न झाल्यापासून त्यानं केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम असेल.

खूप वेळानं सासूबाईंनी हात काढला. माझ्या कानाशी म्हणाल्या, "कितला जन शेत?"

"बराच शेत. आपलाच शेत सगळा."

"आपला कोन?"

"तुमना आंडोर उना. तुमनी आंडेर उनी."

त्यांनी ते ऐकलं. आंडोर, आंडेर. मुलगा, मुलगी. हे शब्द त्यांना लागले, मला ते दिसलं. चेहरा थोडा सैल झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आनि तू कोन?"

पंचवीसएक वर्षं मी त्यांच्या घरात आहे. सून म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोणाची सून, आणि त्याच्या पुढचा, मग तू मला काय म्हणतेस. आई म्हणते, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"मी शेजारनी," मी म्हटलं. "तुमले घेवाले उनू."

"मंग चाल," त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकींचा हात धरून उठलो. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. नवऱ्यानं हळूच दार ओढलं. नणंद उंबऱ्यात उभी होती, तोंडात पदर कोंबून. तिला पाहून सासूबाई म्हणाल्या, "रडी का ऱ्हायनी वं? हाई शेजारनी बठेल व्हती मन्हासंगे. भली बाई शे. तिले चहा दे."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती डोळे पुसत माझ्या स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळानं तिथून दबक्या आवाजात म्हणाली, "साखर कोठे शे?" मी उठणार होते, पण सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता. "तिले सापडी," त्या मला म्हणाल्या. "तू बस. पाव्हनी शे तू."

नणंदेनं चहा आणला. पहिला कप मला दिला. साखर खूप झाली होती. मी सगळा प्यायले.